एक किलो, बरोबर

तीन ऑगस्ट, सोमवार. रुपये चारशे पासष्ट फक्त.

एवढी रक्कम मी त्या दिवशी आमच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या मुलीला उचल म्हणून दिली. नोकरीचा पहिलाच दिवस आणि ही माझ्या टेबलासमोर उभी. पहिल्याच दिवशी उचल मागणारी माणसं मी चौतीस वर्षांत पुष्कळ पाहिली आहेत. ती पाचशे नाहीतर हजार मागतात आणि कारण घरातल्या आजारपणाचं सांगतात. हिने कागदावर यादी करून आणली होती. कुलूप, बादली, कपडे वाळत घालायची दोरी, एक बल्ब, झाडू. प्रत्येक वस्तूसमोर किंमत आणि खाली बेरीज. बेरीज बरोबर होती, मी पाहिली.

"पाचशेच घेऊन टाक," मी म्हणालो. "सुटे मोजत बसायला नको."

"वरच्या पस्तिसांचं काय करू?"

"होतील खर्च."

"तेच तर नकोय," ती म्हणाली.

मी सुटे मोजले. दर महिन्याच्या पगारातून चाळीस रुपये कापायचे ठरलं.

आमचा कारखाना वजनकाट्यांचा. नवे काटे जोडायचे, जुने दुरुस्त करायचे, आणि दुकानं, गोदामं, औषधांचे कारखाने यांचे काटे जागेवर जाऊन तपासायचे. एकूण अकरा माणसं. मी हिशेब बघतो. कामावरचा मुख्य माणूस म्हणजे मिस्त्री. काटा कानाला लावून बिघाड सांगणारा गृहस्थ, तोंडाने फटकळ, हाताने देवमाणूस. ही मुलगी त्याच्या हाताखाली आली. वय तेवीस. गाव दोन दिवसांच्या प्रवासावर. वडिलांचं तिथे किराणा दुकान, दुकानात मदतीला थोरला भाऊ, घरात आई.

दुसऱ्याच आठवड्यात तिचं नाव पडलं. एका बियाणेवाल्याचा काटा तपासायला मिस्त्रीबरोबर गेली होती. काटा एक ग्रॅम जास्त दाखवत होता. बियाणेवाला म्हणाला, "अहो ताई, एका ग्रॅमने काय आकाश कोसळतंय? लिहा की बरोबर म्हणून." ही म्हणाली, "एक ग्रॅम म्हणजे एक ग्रॅम," आणि स्क्रू फिरवत पाऊण तास तिथेच बसली. परत आल्यावर मिस्त्रीने सगळ्यांसमोर हात जोडले. "ह्या आमच्या ग्रॅमबाई. यांच्यापुढे कुणी शिंकू नका, काटा हलतो." तेव्हापासून ती ग्रॅम. पगारपत्रक सोडलं तर तिचं खरं नाव कुठे लिहिलेलं नाही.

कामाच्या जागी सगळीकडे लोखंडाचा कीस, म्हणून ती दुपारचा डबा खायला माझ्या टेबलाशी येऊ लागली. पहिला महिना 'साहेब' म्हणत होती, मग 'काका' झालं. त्या जेवणांमध्ये मला तिचं सगळं राहणं तोंडपाठ झालं. खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली इस्त्रीचं दुकान. त्यामुळे फरशी दिवसभर कोमट. "थंडीत चैन आहे काका, उन्हाळ्यात मात्र मीच इस्त्री होते." खोलीत एक खिडकी, ती उघडायची तर पलंगावर उभं राहावं लागे. पहिल्या आठवड्यात तिने दोन वेळा भात करपवला. तिसऱ्यांदा नीट झाला, तेव्हा कुणाला सांगावं कळेना म्हणून घरमालकिणीला वर बोलावून दाखवला. घरमालकीण म्हणाली, "छान. पण भाडं पाच तारखेलाच." आजारी पडली तेव्हा घरी फोन करून सांगितलं की आवाज बसलाय तो गाण्याने. आईने विचारलं, "तू कधीपासून गायला लागलीस?" ती म्हणाली, "एकटी असते ना, कोण अडवणार?" आईचा विश्वास बसला की नाही माहीत नाही, पण पुढच्या पार्सलमध्ये मध आला.

हे पार्सल दर महिन्याला यायचं. वडील स्वतः बांधायचे. एक किलो शेंगदाणे आणि दोनशे ग्रॅम बेदाणे, दोन्ही आपल्याच दुकानातले. कागदी पिशवीला दोरा, आणि पिशवीवर ठळक अक्षरात, 'एक किलो, बरोबर'. मिस्त्री म्हणायचा, "शेंगदाणे काय इथे मिळत नाहीत? पोस्टाचा खर्च शेंगदाण्यांपेक्षा जास्त." ती म्हणायची, "बाबांना तसं सांगायला तुम्ही जा." आणि मूठभर त्याच्यासमोर ठेवायची. तो खायचा.

वडिलांविषयी ती बोलायची तेव्हा एक गोष्ट ठरलेली. त्यांच्या काट्याला गावात मान होता. जुना दोन पारड्यांचा तराजू आणि लोखंडी वजनं. बाजारात आकडे दाखवणारे काटे आले, पण त्यांनी घेतले नाहीत. "आत काय चाललंय ते दिसत नाही, अशावर विश्वास कसा ठेवायचा?" असं त्यांचं म्हणणं. तपासनीस दर दोन वर्षांनी यायचा, वजनांच्या खालचा शिक्का बघायचा आणि शेजारच्या दुकानदाराला म्हणायचा, "वजनं कशी ठेवावीत ते इथे बघा." लोक दुसऱ्या गल्लीतून चालत यायचे. दुकानात गर्दी नाही असा दिवस तिने लहानपणी पाहिला नव्हता.

आणि तरीही दुकान चालत नव्हतं.

हे मला एप्रिलच्या शेवटी कळलं. डबा न उघडता ती टेबलाशी बसली होती. मी विचारल्यावर म्हणाली, "बाबा दुकान बंद करतायत. तीस जूनला."

गावातल्या घाऊक व्यापाऱ्याला दुकानाची जागा द्यायची आणि त्याच्याच गोदामात पगारावर राहायचं, असं वडिलांनी ठरवलं होतं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. फोनवर ते एवढंच म्हणाले होते, "धंदा आपल्याला जमत नाही गं पोरी. काही माणसांना नसतो जमत." पण तिला लागलं होतं ते वेगळंच. मागून दादाचा, म्हणजे भावाचा आवाज आला होता, "ही गेली आणि दुकानाची बरकत गेली."

"काका, मी होते तेव्हा गल्ल्यावर मी बसायचे," ती म्हणाली. "मी आले नसते तर?"

"तर कुणीतरी दुसरं बसलं असतं," मी म्हणालो. "गल्ल्यावर बसणाऱ्याने बरकत येत असती तर मी आज श्रीमंत असतो."

ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही वाणिज्य शिकलायत. बाबांच्या वह्यांचे फोटो मागवते. बघा ना, कुठे चुकतंय."

फोटो आले. तिच्या वडिलांचं अक्षर पाहून मला बरं वाटलं. प्रत्येक विक्री लिहिलेली, पावशेराची असो नाहीतर पाच किलोची. मी दोन रविवार त्यात घालवले. बायको म्हणाली, "आपल्या घराचा हिशेब कधी असा बघितला नाहीत." भाव ठीक होते, उधारी फार नव्हती. पण माल जुळत नव्हता. पन्नास किलोचं पोतं यायचं, वहीप्रमाणे त्यातले सव्वासत्तेचाळीस किलो विकले जायचे, आणि पोतं रिकामं. प्रत्येक पोत्याचं तेच. वडील समासात लिहायचे, 'उंदीर' किंवा 'सांडलवंड'. उंदरांसाठी घरात दोन मांजरंही होती. किराण्यात नफा असतो किती? शंभराला पाच-सहा. तेवढाच माल वाटेत नाहीसा होत होता.

मी जे शिकलो त्याप्रमाणे याचं उत्तर एकच होतं, आणि ते मी तिला सांगितलं. पोती फाटकी नाहीत, उंदीर दर पोत्यामागे मोजून पावणेतीन किलो खात नाहीत. माल मागच्या दाराने जातोय. दुकानातलंच कुणीतरी आहे.

"दुकानात बाबा आणि दादा," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. तिथे मी चुकलो. न बोलणं हेही एक उत्तर असतं, आणि तिने ते घेतलं. दादाने वर्षापूर्वीच मोटारसायकल घेतली होती. त्या रविवारी तिने त्याला फोन करून विचारलं, "हप्ता कुठून भरतोस रे?"

तो म्हणाला, "सकाळी दूध पोचवतो. तू झोपलेली असतेस तेव्हा. आणखी काय विचारायचंय?" फोन ठेवला तो ठेवलाच. पुढे घरून फोन आला की आई बोले, बाबा बोलत, दादा घरात असून नसायचा. ती काम करत होती, चुकत नव्हती, पण मिस्त्रीने तिला चिडवणं थांबवलं, यावरून काय ते समजा.

जूनची अकरा तारीख. आमची तपासणीची वजनं, म्हणजे मखमलीच्या खणांत ठेवलेली, चिमट्याशिवाय हात न लावायची ती पेटी, वार्षिक तपासणीसाठी बाहेर गेली होती. नेमका त्याच दिवशी एका बेकरीवाल्याचा काटा दुरुस्त होऊन पडला होता आणि तो दारात येऊन बसला होता.

"आता काय ठेवून बघू यावर? माझं डोकं?" मिस्त्री ओरडला. "एक किलोचं काहीतरी द्या रे. ढोबळ अंदाज तरी येईल."

पार्सल सकाळीच आलं होतं आणि ग्रॅमच्या टेबलावर तसंच होतं. मिस्त्रीने शेंगदाण्यांची पिशवी उचलली. "हे बघा. एक किलो, बरोबर. सही-शिक्क्याचा माल." त्याने ती काट्यावर ठेवली.

एक हजार एकेचाळीस.

"पिशवीचे सहा गेले, राहिले पस्तीस. अजून जास्त दाखवतोय," मिस्त्री म्हणाला आणि मागचं झाकण उघडायला लागला.

"थांबा," ग्रॅम म्हणाली. तिने पिशवी उचलून शेजारच्या काट्यावर ठेवली. एक हजार एकेचाळीस. तिसऱ्या काट्यावर. तेच.

मिस्त्रीने चष्मा कपाळावर चढवला. "तीन काटे खोटे आणि तुझा बाप खरा?"

"माझे बाबा खरेच आहेत."

"मग बाप मायेने मूठभर जास्त घालतोय. जाऊ दे. बेकरीवाल्याला आत बोलवा."

पण ग्रॅम जागची हलली नाही. तिने बेदाण्यांची पुडी ठेवली. कागद वजा जाता दोनशे बारा. मग ती माझ्या खोलीत आली, माझ्या कपाटाखालून मागच्या पार्सलची पिशवी काढली. तिने ती उघडलीच नव्हती, दादाशी भांडण झाल्यापासून घरचे शेंगदाणे तिच्या घशाखाली उतरत नव्हते. तीही ठेवली. एक हजार एकेचाळीस.

"मिस्त्री," ती म्हणाली, "माया दर महिन्याला मोजून पस्तीस ग्रॅम असते का?"

बेकरीवालाही दारातून आत बघायला लागला.

मिस्त्री म्हणाला, "तराजूची दांडी एका बाजूला सरकली असेल."

"दांडी असती तर किलोला पस्तीस म्हणजे दोनशेला सात. इथे बारा आहेत. लहान वजनात जास्त चूक आहे. दांडीत नाही, वजनांतच आहे."

"लोखंड झिजतं पोरी. झिजून हलकं होतं. जड कसं होईल?"

ती उत्तर द्यायला गेली आणि तोंडावर हात ठेवून खालीच बसली, स्टुलावर नाही, फरशीवर. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी घेऊन धावलो. पाहतो तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होती.

"रंग," ती म्हणाली. "काका, आम्ही त्यांना रंग लावतो."

मग तिने सांगितलं. वर्ष बदललं की पहिल्या सुट्टीला वडील सगळी वजनं पुसून घ्यायचे, वर्तमानपत्रावर मांडायचे आणि काळ्या तैलरंगाचा एक हात द्यायचे. खालचा शिक्का तेवढा सोडून. गंज चढू नये, गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसावं म्हणून. दुकान सुरू झाल्यापासून सोळा वर्षं. जुना रंग कधी खरवडला नाही. रंगाचा डबा धरायचं काम हिचं असायचं, वयाच्या सातव्या वर्षापासून.

"आणि मी तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं?" मिस्त्रीने विचारलं.

"वजनाला बोट लावायचं नाही, घामानेही जड होतं."

"मग? दहा महिने काय ऐकत होतीस?"

"ते इथल्या वजनांचं होतं ना," ती म्हणाली. "आमच्या वजनांकडे मी वजनं म्हणून कधी बघितलंच नाही. ती घरातली होती."

फोन माझ्या खोलीतून लावला. दुपारचे दोन, दुकानात तेव्हा गर्दी नसते. आवाज सगळ्यांना ऐकू यावा असा ठेवला. मिस्त्री दाराशी उभा.

"जेवलीस का?" वडिलांनी आधी तेच विचारलं.

"जेवले. बाबा, मिठाची बंद पुडी असेल ना, किलोची? ती एका पारड्यात टाका आणि दुसऱ्यात आपलं किलो."

"कशाला?"

"टाका तर."

साखळ्यांचा आवाज आला. "मीठ कमी भरतंय," वडील म्हणाले. "बघितलंस? एवढ्या मोठ्या कंपन्या आणि मिठात मारतात."

"दुसऱ्या कंपनीचं घ्या."

"हेही कमी."

"साखरेची पुडी घ्या."

"अगं, हीही! म्हणजे सगळा बाजारच..."

मिस्त्रीला राहवलं नाही. "मालक, सगळं जग कमी आणि तुमचं एक किलो तेवढं पुरं, असं कसं होईल?"

"हे कोण?"

"आमचे मिस्त्री," ग्रॅम म्हणाली.

"नमस्कार. माझ्या वजनांना आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही."

"कोण ठेवणार? जास्त घेऊन जाणारा तक्रार करतो का?"

ग्रॅमने हळू आवाजात सगळं सांगितलं. सोळा वर्षं, सोळा थर. शेवटी म्हणाली, "बाबा, दादाला सुरी आणायला सांगा. किलोवरचा रंग खरवडून बघू दे."

लांबून आवाज आला, "चोराच्या हातात सुरी कशाला देते म्हणावं?"

तिचा चेहरा पडला. पण ती मोठ्याने म्हणाली, "सगळं घर लुटलंस, आता रंगही लूट!"

पलीकडे कुणीतरी नाकातून हसलं. मग खरवडण्याचा आवाज यायला लागला. आम्ही तिघं तो आवाज ऐकत उभे होतो. बाहेर बेकरीवाला त्याच्या काट्यासाठी ओरडत होता, त्याला कुणी दाद दिली नाही.

"काळा," दादा म्हणाला. "काळा. अजून काळा. हे काय, हिरवा? हिरवा कधी लावला होता?"

"काळा डबा सांडला होता त्या वर्षी," ग्रॅम म्हणाली. "तू सांडला होतास. मार मी खाल्ला होता."

"डबा तुझ्या हातात होता."

"धक्का तुझा होता!"

"भांडू नका," वडील म्हणाले. "खरवड नीट."

अर्धा तास गेला. खाली लोखंड लागलं, घासून पुसून किलो परत पारड्यात गेलं, समोर मिठाची पुडी. पुडीच्या प्लास्टिकचे चार-पाच ग्रॅम मिस्त्रीने आधीच सांगून ठेवले होते. साखळ्या वाजल्या, मग थांबल्या.

"मधोमध," दादा म्हणाला. "मीठ केसभर खाली. म्हणजे बरोबर."

वडील म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं मी जास्त देत होतो."

"हो बाबा."

"कमी नाही ना? कुणालाच?"

"कुणालाच नाही. एकदाही नाही. आणि जो जितकं थोडं घ्यायचा, त्याला तितकं जास्त गेलं. लहान वजनांवर रंग जास्त बसतो."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. नंतर त्यांचा आवाज बदलला. "मग ठीकच आहे की! अहो, ऐकलंत का," हे आत आईला उद्देशून, "उंदीर नव्हते!"

आतून आई म्हणाली, "मग दोन मांजरं मी कशाला पोसली?"

ग्रॅमने फोन दोन्ही हातांत धरला होता. "बाबा, एक विचारू? मी इकडे आले म्हणून दुकान बसलं, असं नाही ना?"

"असं कोण म्हणालं?"

"मी," दादाचा आवाज. "रागात म्हणालो."

"मूर्ख आहेस," वडील म्हणाले. "ती इथे होती तेव्हाही तूट होती. दरवर्षी थोडी वाढायची. मी समजायचो मी म्हातारा होतोय. आणि इथे असतीस तर हे कळलं असतं का? ह्याच वजनांनी मोजून, ह्याच घरात खाल्लं असतंस."

मला दोन शब्द बोलायचे होते, ते बोलल्याशिवाय मला त्या दिवशी जेवण गेलं नसतं. मी दादाला फोनवर बोलावून घेतलं. म्हणालो, "मालाचा हिशेब मी बघितला होता. दुकानातलं कुणीतरी आहे, असं मीच म्हणालो होतो. माझी चूक झाली. आकडे बरोबर होते, माणूस चुकीचा धरला."

"काका, तुमचं बरोबर होतं," तो म्हणाला. "चोर दुकानातलाच निघाला. काळा आहे आणि डब्यात राहतो."

तीस जूनला दुकान बंद झालं नाही. घाऊक व्यापाऱ्याने चार शब्द ऐकवले, शब्द दिला होता म्हणाला, पण कागद झाले नव्हते. एका महिन्यात कुणी मालामाल होत नाही, तसे वडीलही झाले नाहीत. मी जुलैच्या पहिल्या पंधरवड्याच्या वह्या पाहिल्या. पोत्यामागे तूट आता अडीचशे ग्रॅमच्या आत आहे. सांडलवंड तेवढी असतेच. समासात 'उंदीर' लिहिलेलं नाही.

त्रास झाला तो वेगळाच. गिऱ्हाइकं कुरकुर करू लागली. एक आजी पावशेर डाळ घेऊन घरी गेली आणि परत आली. "हल्ली हात आखडलास रे. लेक काट्याच्या कारखान्यात काय गेली, बाप शिकला!" वडिलांनी तिला मिठाची पुडी दाखवली, खरवडलेला रंग दाखवला, सगळी गोष्ट सांगितली. आजी म्हणाली, "जुनं किलो ठेवलंयस का? माझ्यापुरतं तेच वापर." दादा हे फोनवर सांगत होता, तेव्हा ग्रॅमला हसण्याने ठसका लागला. तो आता रविवारी पहिला फोन घेतो. मोटारसायकलच्या हप्त्याविषयी तिला दर वेळी न विचारता सविस्तर सांगतो.

आम्ही कारखान्यातून नव्या वजनांचा एक संच पाठवला, कामगारांना मिळतो त्या भावात. वडिलांनी पैसे मनीऑर्डरने पूर्ण पाठवले. पेटीच्या झाकणाच्या आत ग्रॅमने स्वतःच्या हाताने कागद चिकटवला होता, 'रंग लावू नये'. त्याच्याखाली मिस्त्रीने लिहिलं, 'पुसायचं कोरड्या फडक्याने. प्रेमाने नाही.'

तिची नोकरी एक जुलैपासून कायम झाली. खोली तीच आहे. भात आता करपत नाही. परवा तिने खिडकीशी एक जुना लाकडी खोका आणून ठेवला, त्यामुळे पलंगावर न चढता खिडकी उघडता येते. घरमालकीण बघून म्हणाली, "एवढं वर्षभर सुचलं नाही?" ती म्हणाली, "वर्षभर मी जाणार होते ना."

जुलैचं पार्सल आठवड्यापूर्वी आलं. मिस्त्री वाटच बघत होता. त्याने स्वतः पिशवी काट्यावर ठेवली. एक हजार सहा. पिशवीचे सहा वजा जाता एक हजार.

"संपली माया," तो म्हणाला. "आता मूठभरही उरणार नाही आमच्यासाठी."

पिशवीवर नेहमीचंच लिहिलं होतं, एक किलो, बरोबर. फक्त 'बरोबर'खाली दोन रेघा होत्या. ग्रॅमने दोरा सोडला आणि नेहमीसारखी मूठ त्याच्यासमोर ठेवली. तो खायला लागला.

तीन ऑगस्टची उचल चारशे पासष्ट. जूनअखेर अकरा हप्त्यांत वसूल चारशे चाळीस. पंचवीस रुपये येणे बाकी.